खरात काका आणि लाल गाडीचं ऑइल

खरात काकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "कुणी पाठवलंय तुम्हाला?"

मी त्यांचंच लाइट बिल द्यायला गेले होते. वाटणाऱ्यानं ते चुकून आमच्या फाटकात खोचलं होतं. छावणीजवळच्या त्या कॉलनीत राहायला येऊन आम्हाला तीनच दिवस झाले होते, आणि समोरच्या घराशी ओळख करून घ्यायला हे निमित्त बरं आहे असं मला वाटलं. काकांनी बिल घेतलं, त्यावरचा नंबर भिंतीवरच्या मीटरशी ताडून पाहिला आणि फाटकाची कडी न काढताच म्हणाले, "बरोबर हाय. पण तुमच्याकडं गेलंच कसं?"

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, विमलकाकू, पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आत ये गं पोरी. त्यांचं मनावर नको घेऊ. ते आरशात पण दोनदा बघतेत, आपणच हाय का म्हणून."

काका वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. स्कूटरच्या ब्रेकमध्ये बसणारा सुपारीएवढा एक भाग तिथं बनायचा. तो हातात घ्यायचा, फिरवायचा, मापायचा, बरा असला तर पेटीत आणि वाईट असला तर लाल डब्यात टाकायचा, हे त्यांचं काम. "एक जरी खराब गेला," ते म्हणायचे, "तर कुठंतरी कुणाची तरी गाडी थांबायची नाय." हे म्हणताना ते अजिबात हसत नसत. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला पण तपासणी सुटली नाही. कोथिंबिरीची जुडी विकत घेण्याआधी सोडून मधल्या काड्या बघायचे. औषधाच्या दुकानातून आलेल्या गोळ्या मोजायचे. एकदा मी संक्रांतीला तिळाचे लाडू दिले तर एक फोडून आत पाहिलं, आणि मग दुसरा खाल्ला. फोडलेला काकूंना दिला.

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू! मी फुलंब्रीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. दिवसभर पोरांना सांगायचं की प्रश्न विचारा, कशावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आणि संध्याकाळी बसमधून उतरलं की समोर हे गृहस्थ. माझी शिकवण पूर्णपणे अंगी बाणवलेला माणूस कसा दिसतो ते मी रोज बघत होते आणि मला तो मुळीच आवडत नव्हता.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी त्यांनी गाडी घेतली. लाल, दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्‌स कार. नाशिकच्या कुणा हॉटेलवाल्याच्या मुलानं हौस फिटल्यावर विकायला काढलेली, चांगली बारा वर्षं जुनी. काका आत बसताना आधी डोकं घालायचे, मग एक पाय, आणि दुसरा पाय हातानं उचलून आत घ्यायचे.

कॉलनीत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. "एवढा पैसा आला कुठून?" असं कोपऱ्यावरच्या बंगल्यातले निवृत्त तहसीलदार स्वतःशी बोलल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. त्याच महिन्यात त्यांच्या मुलानं हिच्यापेक्षा मोठी गाडी घेतली होती. तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं, सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. काकू पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जातात, आणि त्याच घरापुढे अशी गाडी उभी राहते, हे काही लोकांना झेपत नव्हतं. आम्ही शेतकरी घरातली माणसं, आमच्यात असलं काही नाही, असं मी नेहमी म्हणायचे. पण काकूंना मीही हळूच विचारलं होतं, "लोन काढलं का हो?" तहसीलदारांच्या सुनेला मी हे विचारलं नसतं. आज आठवलं की लाज वाटते.

ही गाडी का घेतली, ते काकांनी एकदाच सांगितलं. कारखान्याच्या पोर्चमध्ये मालकांची अशीच एक लाल गाडी उभी असायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत ते जरा थांबून तिच्याकडे बघत होते, तर वॉचमन धावत आला. काय पाहिजे, इथं काय काम, खिशात काय आहे. "खिशात भाकरीचा रुमाल व्हता," काका म्हणाले. "तवाच ठरवलं. आपली घ्यायची आणि पाहिजे तेवढा वेळ बघत बसायचं. कोण हटकतो बघू."

तर ते बघत बसायचे. गाडी फार चालवत नसत. पण तिचं ऑइल बदलणं हा त्या घरातला सोहळा होता. सहा महिने झाले की एका रविवारी सकाळी काका जुनी पँट चढवून बाहेर येत. गाडी इतकी बुटकी की जॅक खाली जात नसे, म्हणून त्यांनी जुन्या पलंगाच्या फळ्या एकावर एक ठोकून दोन उतरण्या केल्या होत्या. पुढची चाकं त्यावर चढवायची. इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचं, म्हणजे ऑइल पातळ होतं. मग पाठीवर झोपून खाली सरकायचं, घमेलं लावायचं आणि नट सोडायचा. खाली पडणारं काळंभोर ऑइल ते दोन बोटांत चोळून बघत, हुंगत, त्यात लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस निघतो का ते पाहत. नव्या डब्याचं सील मला दाखवत. "बघा, तुटलेलं नाय. लिहून ठेवा." मी कुठं लिहून ठेवायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. डबा रिकामा झाला की त्याला स्क्रू ड्रायव्हरनं तीन भोकं पाडत, म्हणजे भंगारातून तो उचलून कुणी त्यात नकली ऑइल भरू नये. भंगारवाला वैतागायचा.

"गॅरेजला का नाही देत?" मी विचारलं होतं.

"गॅरेजवाला काळं झालेलं फडक्यानं पुसतो, बिल हातात देतो. ऑइल तेच. तुम्हाला कळणार हाय का?"

गंमत म्हणजे त्यांचा एक गॅरेजवाला होता आणि तो पंधरा वर्षांपासून होता. छावणी बाजारातले अक्रमभाई. काकांची स्कूटर त्यांच्याकडेच जायची. एकदा काकांनी स्कूटर द्यायच्या आधी प्लगवर बारीक खूण करून ठेवली होती, हा बदलला असं खोटंच सांगतो का ते बघायला. संध्याकाळी अक्रमभाईंनी जुना प्लग काढून त्यांच्या हातावर ठेवला. काकांच्या खुणेशेजारी त्यांनी तशीच दुसरी खूण करून ठेवली होती. "काका, एक आपकी, एक मेरी. अब मिला लो." काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो. काका हसले नाहीत, पण पुढच्या वेळीही स्कूटर तिथंच नेली.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला काका ऑइल बदलायला बसले आणि फिल्टर अडकला. ऑइल गाळणारा तो डबा हातानं पिळून काढायचा असतो. काकांचं मनगट दुखत होतं, अर्धा तास झटूनही तो हलेना. शेवटी त्यांनी फोन केला. अक्रमभाई नाश्ता सोडून चेनचा पाना घेऊन आले, खाली सरकले, आणि चहा गार होण्याआधी फिल्टर काढून बाहेर आले. मी बॅटरी धरून तिथंच उभी होते. अक्रमभाईंनी नवा फिल्टर घ्यायला हात पुढे केला तर काकांनी तो मागं घेतला.

"हे ऱ्हाऊ दे. हे मी बसवतो."

अक्रमभाईंनी हात पुसले, पाना उचलला. फाटकाशी जाऊन वळले. "काका, पहले ऊपर हाथ फिरा के देखना. पुरानी रिंग कभी कभी उधरीच चिपकी रहती."

"अक्रम, एकतीस वर्षं तपासणी केलीय मी. तू जा, नाश्ता कर."

ते गेल्यावर काका फिल्टर हातात फिरवत मला म्हणाले, "असं का म्हणाला असंल तो?"

"सांगायचं म्हणून सांगितलं असेल."

"उगंच कोण सांगतं? डोक्यात किडा सोडून गेला. म्हणजे मी घाबरावं आन परत त्यालाच बोलवावं." आणि काकांनी वर, फिल्टर बसतो त्या जागेवर, हात फिरवला नाही. प्रत्येक गोष्टीवरून दोनदा हात फिरवणाऱ्या माणसानं तेवढीच जागा सोडली, कारण ती अक्रमभाईंनी सांगितली होती. नवा फिल्टर बसवला, त्यावर तारीख घातली, इंजिन चालू करून खाली वर्तमानपत्र पसरलं. एक थेंबही गळला नाही. काकांनी मान डोलावली आणि गाडी पास केली.

पुढच्या शनिवारी ते काकूंना अजिंठ्याची लेणी दाखवायला निघाले. जन्म इथं गेला तरी काकूंनी ती पाहिली नव्हती. दोन पाण्याच्या बाटल्या, पोळ्या, लोणचं, फर्दापूरला दुपारचं जेवण. मी शाळेत होते, सकाळची शाळा सुटत आली होती, आणि काकांचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही खरंच शाळेतच हायेत ना?"

गाडी फुलंब्रीच्या पुढे बंद पडली होती. मी रिक्षा करून गेले. काकू बाभळीखाली बसल्या होत्या आणि मागच्या रस्त्यावर ऑइलची लांबच लांब रेघ होती. "दिवा लागला व्हता गं," काकू म्हणाल्या. "लाल दिवा. मी म्हणलं थांबा. तर हे म्हणतेत, दिवे खोटं बोलतेत, हा दिवा म्हणजे कंपनीचा दलाल हाय, गाडी त्यांच्या दारात न्यायला लावलेला. चार किलोमीटर आणली तशीच. मग आत कायतरी करकरलं आन बसली."

काकांनी वाकून पाहिलं होतं. ऑइल फिल्टरच्या तोंडातून गेलं होतं. त्यांनी फिल्टरवर प्लास्टिकची पिशवी चढवली, दोरीनं बांधली आणि गाठीवर चिकटपट्टी लावून सही केली. पुरावा.

गाडी टेम्पोवर चढवून आम्ही परत आलो. टेम्पो घरी जाईल असं मला वाटलं होतं, पण काकांनी तो छावणी बाजारात, अक्रमभाईंच्या दारात थांबवला. संध्याकाळची गर्दी होती. टेम्पोवर लाल गाडी, तिच्याखाली पिशवी बांधलेली, भोवती बघे. शाळेच्या दोन व्हॅनचा मालक तिथंच बसला होता, त्याच्या व्हॅनचं काम चालू होतं.

"काय ढिलं करून गेला व्हतास?" काका ओरडले. मी त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "फिल्टर बसवू दिला नाय म्हणून राग काढला काय? माझी बायको बसली व्हती गाडीत!"

अक्रमभाई उठून उभे राहिले. "काका, खोल के देखे क्या?"

"खोलणार. पंचासमोर खोलणार. तोवर तू हात लावायचा नाय."

अक्रमभाईंचं ते रिंगचं वाक्य माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी बोलले नाही. भर बाजारात काकांना खोटं कसं पाडायचं, असं मी मनाला सांगितलं. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटून गेलं, कुणास ठाऊक, केलंही असेल काहीतरी. संशय हा असा अंगाला लागतो. त्या आठवड्यात माझी स्कूटी मी दुसऱ्या गॅरेजला टाकली. व्हॅनवाल्यानं सोमवारी दोन्ही व्हॅन हलवल्या. "मुलांचा जीव असतो मॅडम गाडीत," तो मला म्हणाला. त्या दोन व्हॅन म्हणजे अक्रमभाईंचं निम्मं काम होतं.

पंच म्हणून मला बोलावलं ते त्याच्या पुढच्या रविवारी. आठ दिवस गाडी त्यांच्या अंगणात उभी होती, पिशवी तशीच होती. काकांनी गाठीवरची सही आधी मला दाखवली, मग पिशवी काढली, फिल्टर हळूहळू पिळून खाली आणला. त्याच्या तोंडावर काळी रबरी रिंग होती, असते तशी. मग त्यांनी वर बोट घातलं. बोट थांबलं. नखानं खरवडून त्यांनी दुसरी रिंग बाहेर काढली. चपटी, जुनी, कडक झालेली. जुन्या फिल्टरची. ती इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि तिच्यावर काकांनी नवा फिल्टर चढवला होता. उभ्या गाडीत ते टिकलं, रस्त्यावर वेगात सुटलं.

दोन्ही रिंगा तळहातावर घेऊन ते पायरीवर बसले.

"मॅडम, तुम्ही बघितलं."

"बघितलं."

"त्या दिवशी तुम्ही ऐकलं पण व्हतं."

"हो काका."

"मग बोलला का नाय बाजारात?"

"मला रिंग म्हणजे नेमकं काय ते कळलं नव्हतं," मी म्हणाले. हे निम्मं खरं होतं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

हे काका, काकू आणि मी, आम्हा तिघांनाच माहीत होतं, आणि दोन दिवस ते तसंच राहिलं. काका घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या आणि ओट्याला टेकून, उभ्या उभ्याच, त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. नोकरीच्या चौथ्या वर्षी कारखान्यात मालाची एक खेप परत आली होती. त्यावर तपासणीचा शिक्का काकांचा होता. काका सुट्टीवर असताना तो दुसऱ्याच कुणीतरी मारला होता. "पण नजर यांच्यावरच गेली. आमच्यावर पयली जाती ना. शिक्का काढून घेतला, आठ महिने पेट्या उचलायला लावलं. ज्यानं मारला व्हता तो रोज यांच्यासोबत डबा खायचा. यांना माहीत व्हतं, त्याला माहीत व्हतं. तो बोलला नाय. पोरी, त्या माणसाचं नाव या घरात आजपस्तोर निघत नाय. काल मी यांना म्हणलं, आता तुम्ही त्याच्या जागेवर बसलात."

"मग?"

"मग काय. जेवले नायत."

त्याच संध्याकाळी काका आमच्या फाटकाशी आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात कागदाची पुडी. "मॅडम, चला. पंच पाहिजे."

"काका, माफी मागायला पंच कशाला?"

"एकटा गेलो तर लोक म्हणतील, खरात आला, गोड बोलून गुपचूप मिटवून गेला. चारचौघांत बोललो, चारचौघांतच मागं घ्यायचं." व्हॅनवाल्याला त्यांनी आधीच गाठलं होतं. तो का बोलावलंय ते न कळून आमच्या मागून येत होता.

अक्रमभाईंनी आम्हा तिघांना येताना पाहिलं आणि हातातलं काम थांबवलं. काकांनी पुडी सोडून दोन्ही रिंगा त्यांच्या कामाच्या फळीवर ठेवल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकेक शब्द मोजून म्हणाले, "चूक माझी हाय. अक्रमनं सांगितलं व्हतं, हात फिरवून बघा. मी बघितलं नाय. त्यानं सांगितलं म्हणूनच बघितलं नाय. या मॅडमनी ऐकलंय."

"ऐकलंय," मी म्हणाले. "मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

व्हॅनवाल्यानं रिंगा उलटसुलट करून पाहिल्या. अक्रमभाईंनी पाहिल्या नाहीत. ते काकांकडेच बघत होते. "आज इतना मीठा कायकू, काका? इंजिन का काम निकला क्या?"

काकांचा चेहरा पडला. संशय घेणं त्यांना ठाऊक होतं, तो तोंडावर येतो तेव्हा कसा लागतो हेही ठाऊक होतं, आणि तरी त्यांना तो लागला. "इंजिन तुझ्याशिवाय कोण खोलणार, हे खरं हाय," ते म्हणाले. "पण तू नाय म्हणला तरी मी हे बोलायला आलोच असतो. नसंल पटत तर नको पटू देऊ."

अक्रमभाई म्हणाले, "दुनिया बोलती, बोलने दो. पंद्रा साल की पहचान में आपने बोला, वो लगा मेरे कू." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "गाड़ी भेजो. पन एक शर्त. मैं खोलूँगा तो आप सर पे नहीं खड़े रहना. देखना नहीं. एक बार भी नहीं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, व्हॅनवाल्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं."

त्या उन्हाळ्यात माझी बदली फर्दापूरला झाली आणि आम्ही कॉलनी सोडली. वर्षभरानं काकूंचा फोन आला, काका गेल्याचा. मला ते आठवतात ते माफीनंतरच्या शनिवारी दुपारी, मी शाळेतून परतताना दिसले तसे. व्हॅनवाल्याची एक व्हॅन गॅरेजच्या दारात परत आली होती. दुसरी नव्हती. लाल गाडी आत होती, इंजिन बाहेर काढलेलं, त्याच्यावर वाकलेली अक्रमभाईंची पाठ दिसत होती. काका दारातल्या स्टुलावर बसले होते. तोंड रस्त्याकडे, पाठ गाडीकडे, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"किती वेळ झाला काका?"

"आठपासून."

आत काहीतरी लोखंडी खणकन पडलं. काकांचे खांदे वर गेले, मान थोडी वळली, आणि त्यांनी ती परत रस्त्याकडे आणली. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"काका!" आतून हाक आली. "चलो, शर्त छोड़ दी मैंने. आ के एक नजर मार लो. अंदर इतना खराब नहीं हुआ."

काका उठतील असं मला वाटलं. त्यांचे पाय हलले सुद्धा. पण ते बसून राहिले.

"तू बघितलंस ना?" त्यांनी न वळताच विचारलं.

"हौ, देखा."

"मग झालं," काका म्हणाले.